लांबच्या प्रवासातले मधले तास: एअरपोर्ट लाउंज कसा निवडायचा

पुण्याहून अमेरिकेला जायचं म्हणजे संध्याकाळी सात-आठलाच दारात कॅब येते. मग एक्सप्रेसवे, घाटातली ट्रकांची रांग, मुंबईचं टी-टू, बॅगा, इमिग्रेशन, आणि पहाटे चारच्या आसपास फ्लाइट. दोहाला उतरतो तेव्हा तिथे पहाट असते, आपण पूर्ण रात्र जागलेलो असतो आणि पुढे अजून चौदा ते सोळा तासांचं विमान बाकी असतं. अशा वेळी मधले चार-सहा तास कसे जातात यावर पुढचा सगळा प्रवास ठरतो, आणि पोचल्यावरचे पहिले दोन दिवससुद्धा. म्हणून मी लाउंज, म्हणजे एअरपोर्टवरची बसायची-खायची वेगळी शांत जागा, या गोष्टीकडे चैन म्हणून बघत नाही, विशेषतः आई-बाबा एकटे येणार असतील तेव्हा तर अजिबातच नाही.

पण निवडताना आपण काय करतो, तर फोटो बघतो. झुंबर, संगमरवर, लांबच लांब बुफे. खरं सांगायचं तर रात्रभर जागलेल्या माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात, कुठेतरी पाठ टेकायची, अंघोळ करायची आणि पोटाला सोसेल असं गरम काहीतरी खायचं. या तीनपैकी आपल्याला सगळ्यात जास्त कशाची गरज आहे ते ठरवा आणि मग लाउंज शोधा. आणि हे तिकीट काढतानाच करा, कारण कुठल्या शहरात थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि कुठल्या विमान कंपनीनं जायचं हे एकदा ठरलं की लाउंजचं ऐंशी टक्के तिथेच ठरून जातं, नंतर फक्त उरलंसुरलं बघायचं.

आधी तास नीट मोजा

तिकिटावर तीन तासांचा लेओव्हर, म्हणजे दोन फ्लाइटमधला थांबा, लिहिलेला असला तरी ते तीन तास आपल्या हातात नसतात. विमानातून बाहेर पडायला वेळ, मग ट्रान्झिटची सिक्युरिटी, मग चालणं, आणि पुढच्या फ्लाइटचं बोर्डिंग तासभर आधी सुरू होतं. अमेरिकेच्या फ्लाइटला आखाती देशांत गेटवर पुन्हा वेगळी तपासणी असते त्यामुळे तिथे अजून आधी पोचावं लागतं. सगळं वजा करून हातात उरतो सव्वा-दीड तास. दोन तासांच्या आतला लेओव्हर असेल तर लाउंजच्या मागे लागूच नका, सरळ गेटजवळ जा, पाय मोकळे करा, पाणी भरून घ्या.

दोन ते चार तास असतील तर गेटच्या जवळचा लाउंज घ्या, मग तो जरा साधा असला तरी चालेल. दोहा, दुबई, इस्तंबूल हे एअरपोर्ट इतके पसरलेले आहेत की एका टोकाचा भारी लाउंज आणि दुसऱ्या टोकाचं गेट यांच्यामध्ये पंचवीस-तीस मिनिटं सहज जातात, आणि ती चालण्यात घालवून वर धावपळीची काळजी करण्यापेक्षा जवळच्या जागी शांत बसलेलं बरं.

खरी निवड करायची ती चार ते आठ तासांसाठी. इथे चांगल्या आणि साध्या लाउंजमधला फरक कळतो, कारण तेवढ्या वेळात झोपायची खोली आहे का, शॉवर किती आहेत, गर्दी कधी होते या सगळ्याला अर्थ येतो.

आठ तासांच्या वर गेलं, आणि त्यातही मध्ये रात्र येत असेल, तर माझं ठाम मत आहे की लाउंजऐवजी ट्रान्झिट हॉटेल बघा. दोहाला एअरपोर्टच्या आतच ओरिक्स हॉटेल आहे, दुबईला दुबई इंटरनॅशनल हॉटेल, सिंगापूरला टर्मिनल १ मध्ये एरोटेल, इस्तंबूलला योटेल, आणि यांच्यासाठी इमिग्रेशन पार करावं लागत नाही म्हणजे व्हिसाचा प्रश्न येत नाही. खोली तासांच्या हिशोबाने मिळते. दोघांच्या लाउंजची फी आणि अशा खोलीचं भाडं शेजारी शेजारी मांडून बघा, फरक वाटतो तेवढा नसतो आणि खरा पलंग मिळतो. एक मात्र बघून घ्या, हॉटेल आतल्या बाजूचं आहे की बाहेरच्या. इस्तंबूलच्या योटेलला दोन्ही बाजू आहेत, बुकिंग करताना योग्य ती निवडावी लागते. सिंगापूरचं योटेलएअर ज्वेल नावाच्या मॉलमध्ये आहे आणि ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. नाव एअरपोर्टचं आणि जागा बाहेरची, यात बरेच लोक फसतात.

आत जायचं ते कशाच्या जोरावर

हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळा गोंधळ इथेच होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बिझनेस क्लासचं तिकीट म्हणजे लाउंज आलाच असं आपण धरून चालतो. आता तसं राहिलेलं नाही. कतार एअरवेजच्या बिझनेस लाइट भाड्यात लाउंज धरलेला नसतो, एमिरेट्सच्या बिझनेसमधल्या स्पेशल भाड्याचंही तेच. सीट तीच, जेवण तेच, पण दारात स्कॅन केलं की लाल दिवा. स्वस्त बिझनेस तिकीट दिसलं की आधी भाड्याचे नियम उघडून लाउंज हा शब्द शोधा, मग पैसे भरा. बोली लावून किंवा चेक-इनला पैसे भरून अपग्रेड घेत असाल तर लाउंजचं आधी स्पष्ट विचारून घ्या.

दुसरा रस्ता म्हणजे फ्रीक्वेंट फ्लायरचा, म्हणजे वारंवार उडणाऱ्याला विमान कंपनी देते तो दर्जा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे स्टार गोल्ड हा वरचा दर्जा आहे त्यांना त्या गटाच्या इतर कंपन्यांच्या फ्लाइटला इकॉनॉमीत बसूनही लाउंज मिळतो, आणि सोबत त्याच गटाच्या फ्लाइटने जाणारा एक पाहुणाही नेता येतो. गंमत म्हणजे स्टार अलायन्सच्या बिझनेस क्लास तिकिटावर पाहुणा नेता येत नाही. म्हणजे नवरा बिझनेसमध्ये आणि बायको इकॉनॉमीत असेल तर तिला आत सोडतीलच असं नाही, पण दोघं इकॉनॉमीत आणि एकाकडे गोल्ड असेल तर दोघंही आत. घरात कोणाकडे असा दर्जा असेल तर बुकिंग त्या हिशोबाने करा.

आणि दर्जावर आत गेलात तरी कुठल्या दारातून, हेही असतं. सिंगापूर एअरलाइन्सनं इकॉनॉमीत जाणाऱ्या स्टार गोल्डवाल्याला सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टवर सिल्व्हरक्रिस लाउंजमध्ये घेत नाहीत, क्रिसफ्लायर गोल्ड लाउंजमध्ये पाठवतात. दोहाला वनवर्ल्डचा, म्हणजे कतार एअरवेज ज्या गटात आहे त्याचा, दर्जा घेऊन इकॉनॉमीत आलेल्यांसाठी अल मुर्जान हा बिझनेस लाउंज नसतो, गोल्ड आणि प्लॅटिनम लाउंज वेगळे आहेत. इस्तंबूलला टर्किशचा बिझनेस लाउंज वेगळा आणि कार्डवाल्यांचा माइल्स अँड स्माइल्स लाउंज वेगळा. इंटरनेटवर ज्या लाउंजचे फोटो बघून आपण खूश झालो तो आपल्याला मिळणारा आहे का, एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात.

तिसरा रस्ता बहुतेकांचा, क्रेडिट कार्ड. इथे तीन गोष्टी बघा. एक, कार्डावर लाउंज म्हणजे फक्त देशातला की परदेशातला पण, कारण बऱ्याच कार्डांवर परदेशातला प्रायॉरिटी पास नावाच्या वेगळ्या लाउंज-पासवर असतो आणि तो पास मागून घ्यावा लागतो, आपोआप येत नाही. दोन, हल्ली बऱ्याच बँकांनी अट घातली आहे की मागच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच फुकट प्रवेश, ती रक्कम प्रत्येक कार्डाला वेगळी, त्यामुळे निघायच्या तीन-चार महिने आधीच हे बघून ठेवा. तीन, सोबतचा माणूस. प्रायॉरिटी पासवर पाहुण्याचे साधारण ३५ डॉलर लागतात आणि ते दारात मागत नाहीत, नंतर कार्डाच्या बिलात येतात. आई-बाबा दोघं येणार असतील तर एकाच्या नावावर पास आणि दुसरा पाहुणा असं करण्यापेक्षा दोघांच्या नावानं ॲड-ऑन कार्ड आणि त्यावर वेगळे पास मिळतात का ते बँकेला विचारा. पास ज्याच्या नावावर आहे त्यानं स्वतः हजर असावं लागतं. मुलाचा पास आईच्या हातात दिला तर चालत नाही, बोर्डिंग पासवरचं नाव जुळवतात.

चौथा रस्ता सरळ पैसे भरण्याचा. आधी ऑनलाइन बुक केलं तर दारातल्या दरापेक्षा बहुतेक वेळा कमी पडतं आणि गर्दीच्या वेळी बुकिंगवाल्यांना आधी घेतात, हा त्याचा मोठा फायदा. पासवाल्यांना जागा नाही म्हणून परत पाठवायचा हक्क लाउंजकडे असतो, नियमांत तसं लिहिलेलंच असतं. त्यामुळे प्रवास महत्त्वाचा असेल, सोबत म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर कार्ड खिशात असतानाही मी पैसे भरून जागा पक्की करायला सांगेन. वेळेची मर्यादा पण वाचा. तीन तासांची मर्यादा सर्रास असते, सहा तासांचा लेओव्हर असेल तर उरलेले तीन तास कुठे काढणार ते आधीच ठरवायला हवं.

कुठे थांबावं

माझी स्वतःची पसंती दोहाला आहे. हमाद एअरपोर्ट २०१४ मध्ये सुरू झाला आणि सगळं एकाच टर्मिनलमध्ये आहे, म्हणजे टर्मिनल बदलायला बस पकडा, पुन्हा तपासणी करा हा ताप नाही. जुना अल मुर्जान लाउंज जवळजवळ दहा हजार चौरस मीटरचा आहे, मध्ये पाण्याचा मोठा हौद, वर जेवणाची जागा. दिसायला भव्य आहे पण पहाटे, भारतातून आणि आशियातून आलेली सगळी विमानं एकदम उतरतात तेव्हा तिथे शॉवरला आणि शांत खोल्यांना थांबावं लागतं. २०२३ मध्ये उत्तरेकडच्या नव्या भागात अल मुर्जानचाच गार्डन लाउंज सुरू झाला, तो ऑर्चर्ड नावाच्या काचेच्या छताखालच्या बागेच्या वर आहे. खिडकीशी बसलं की खाली खरी झाडं दिसतात आणि सकाळचा उजेड आत येतो, रात्रभर बंद विमानात बसल्यावर त्या उजेडानं खरंच बरं वाटतं. बिझनेसचं तिकीट असेल तर मी याच लाउंजमध्ये जायला सांगेन, दोन टोकांमध्ये आतल्या आत छोटी ट्रेन धावते त्यामुळे चालायचा त्रासही वाचतो. अल सफवा हा फर्स्ट क्लासचा लाउंज, दोहाच्या इस्लामिक कला संग्रहालयाच्या धर्तीवर बांधलेला, उंच भिंती आणि शांतता, पण तिथे नुसतं बिझनेसचं तिकीट पुरत नाही.

इकॉनॉमीवाल्यांसाठी दोहाला अल महा लाउंज आहे, पासवर किंवा पैसे भरून. छोटा आहे आणि लवकर भरतो. पण दोहाची खरी सोय अशी की लाउंज नाही मिळाला तरी एअरपोर्टवर फुकट क्वाएट रूम आहेत, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, आडवं होता येईल अशा खुर्च्यांच्या. ऑर्चर्डची बागही सगळ्यांना खुली आहे. आणि ओरिक्स हॉटेलच्या बाजूला व्हायटॅलिटी म्हणून सेंटर आहे, पंचवीस मीटरचा स्विमिंग पूल, जिम, शॉवर, पैसे भरून कोणालाही जाता येतं. ज्याला बसून बसून पाय सुजायचा त्रास आहे त्याच्यासाठी बुफेपेक्षा अर्धा तास पाण्यात चालणं कितीतरी चांगलं.

दुबईला एमिरेट्सचे लाउंज टर्मिनल ३ मध्ये, ए, बी आणि सी या तिन्ही कॉनकोर्सला, म्हणजे गेट्सच्या लांबलचक भागांना, आहेत. नियम एकच ठेवा, आपलं गेट ज्या कॉनकोर्सला त्याच कॉनकोर्सचा लाउंज. बी आणि सी मध्ये चालत जाता येतं, ए ला ट्रेन लागते. ए मधला लाउंज अख्ख्या कॉनकोर्सभर पसरलेला आहे आणि तिथल्या काही गेट्सना लाउंजमधूनच थेट विमानात चढता येतं, खाली उतरून रांगेत उभं राहायची गरज नाही, ही सोय मला फार आवडते. पैसे भरून जाणाऱ्यांसाठी मरहबा आणि अहलन आहेत. मात्र पुढची फ्लाइट फ्लायदुबईची आणि टर्मिनल २ वरून असेल तर बसनं जावं लागतं, त्यात बराच वेळ जातो, तेव्हा टर्मिनल ३ मधल्या भारी लाउंजचा मोह सोडा.

अबुधाबीचं वेगळं आहे. झायेद एअरपोर्टचं नवीन टर्मिनल ए नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलं आणि एतिहाद या अबुधाबीच्या विमान कंपनीचा लाउंज तिथे तीन मजल्यांवर आहे, छान आहे. पण अमेरिकेला जाणाऱ्यांची अमेरिकन इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच होतात. फायदा मोठा, अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत फ्लाइटसारखं सरळ बाहेर पडायचं. पण त्यासाठी लागणारा वेळ आपल्या लेओव्हरमधून जातो, आणि एकदा ती तपासणी झाली की मागे येता येत नाही. म्हणून मोठ्या लाउंजमधली अंघोळ, खाणं, झोप सगळं आधी उरकायचं आणि मग तिकडे जायचं. तीन तासांच्या आतला लेओव्हर असेल तर अबुधाबीला लाउंजचा विचार करू नका. आणि आईच्या बॅगेतले लाडू, लोणचं, मेतकूट याबद्दलचे प्रश्न तिथेच विचारले जातात, तेव्हा कुठल्या बॅगेत काय आहे याची चिठ्ठी तिच्याकडे असू द्या, खाण्याचं आहे का विचारलं तर हो म्हणायचं, लपवायचं नाही.

इस्तंबूल खाण्यासाठी. टर्किशच्या लाउंजमध्ये माणसं समोर उभी राहून पिदे भाजतात, गोझलेमे लाटतात, सकाळी ताजे सिमित असतात, चहा दिवसभर उकळत असतो. शाकाहारी माणसाची आखाती लाउंजपेक्षाही इथे चंगळ होते, वांगी, चीज, पालक, मसूर, ऑलिव्ह, किती प्रकार. सामान ठेवायला लॉकर आहेत त्यामुळे हातात बॅग घेऊन फिरावं लागत नाही. सहा ते चोवीस तासांचा लेओव्हर असेल तर टर्किश एअरलाइन्स फुकट शहर दाखवायला नेते, पण त्यासाठी तुर्कीचा व्हिसा लागतो, तो अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) चालू व्हिसा असणाऱ्या भारतीयांना ई-व्हिसा म्हणून मिळू शकतो.

सिंगापूर, म्हणजे ऑस्ट्रेलियाला किंवा जपानला जाणाऱ्यांसाठी. इथे मी उलटं सांगतो, चांगीला लाउंजवर फार पैसे घालवू नका. एअरपोर्टच इतका चांगला आहे, टर्मिनल ३ ची फुलपाखरांची बाग, फुकट सिनेमा, पाय दाबायची मशीन, सगळीकडे गालिचे, स्वच्छ बाथरूम. टर्मिनल १, २, ३ आतूनच स्कायट्रेननं जोडलेले आहेत त्यामुळे कुठल्याही टर्मिनलचा लाउंज चालतो, फक्त ४ ला बसनं जावं लागतं. शॉवर हवा असेल तर तेवढ्याचे वेगळे पैसे भरून घेता येतो.

युरोपात दोनच गोष्टी लक्षात ठेवा. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी लाउंज शेंगेन भागात आहे की बाहेरच्या, हे गेटच्या अक्षरावरून ठरतं, ए म्हणजे शेंगेन, त्याच्याच वरच्या मजल्यावरचं झेड म्हणजे बाहेरचं. मुंबईहून येऊन अमेरिकेला जाणाऱ्यानं झेड, बी, सी च्या बाजूचाच बघावा. हिथ्रोला टर्मिनल बदलायला बस आणि पुन्हा सिक्युरिटी, म्हणून लाउंज कायम सुटणाऱ्या फ्लाइटच्या टर्मिनलमधलाच. बाकी लुफ्थान्साचं फ्रँकफर्टचं फर्स्ट क्लास टर्मिनल, २००४ पासून वेगळ्या इमारतीत आहे, टबमध्ये अंघोळ करून सोबत रबराचं बदक मिळतं आणि विमानापर्यंत गाडीनं सोडतात. माइल्स साठवून कधी लुफ्थान्साचं फर्स्ट क्लास मिळालं तर तिथे मुद्दाम लांब लेओव्हर घ्या.

रिव्ह्यू कसे वाचायचे

तारीख बघा, दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू लाउंजच्या बाबतीत जुना. वेळ बघा, दुपारी तीनला गेलेल्या माणसाला रिकामा दिसलेला लाउंज पहाटे पाचला भरलेला असतो, आणि आपण भारतातून पहाटेच पोचतो. लोकांनी टाकलेल्या फोटोंत खुर्च्या बघा, हाताच्या दोन्ही दांड्या पक्क्या असलेल्या एकेकट्या खुर्च्याच दिसत असतील तर आडवं होता येणार नाही. शॉवर आहे असं लिहिलेलं पुरेसं नाही, किती आहेत आणि थांबावं किती लागलं ते शोधा. शेवटी खाणं. डाळ-भात आहे का, शाकाहारी पाट्या लावलेल्या आहेत का. तिकिटासोबत मागवलेलं जैन किंवा हिंदू शाकाहारी जेवण फक्त विमानात मिळतं, लाउंजला त्याची कल्पना नसते. आखाती लाउंजमध्ये हुमुस, फलाफल, तबूले, दही, फळं, सुका मेवा असतोच, चतुर्थी आली तरी उपास निभावतो, पण सूप कशाच्या पाण्यातलं आहे ते विचारूनच घ्यावं.

आत गेल्यावर

पहिलं काम शॉवरचं नाव नोंदवणं, खायला बसायच्या आधी. काउंटरवर बोर्डिंग पास दाखवला की नंबर किंवा पेजर देतात, पहाटेच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास सहज लागतो, तेवढ्यात चहा-नाश्ता होतो. हातातल्या बॅगेत अगदी वर एक जोड कपडे, मोजे, चप्पल, कंगवा एका पिशवीत भरून ठेवा, म्हणजे त्या छोट्या खोलीत बॅग उघडून सगळं पसरायला नको. टॉवेल, साबण मिळतो, दाताचा ब्रश मागितला तर बऱ्याच ठिकाणी देतात. वयस्कर माणूस असेल तर खुर्ची असलेला मोठा शॉवर मागा, अपंगांसाठीचा असतो, आधाराला दांडी असते. आणि नळ. तिथे एक गोल फिरवायचा दांडा पाण्याचा आणि एक उष्णतेचा असतो, वरचा कारंजा वेगळा आणि हातातला वेगळा, आईला हे फोनवर समजावून सांगण्यापेक्षा आतली बाई दाखवते, तिला तोंडानं विचारायचं फक्त.

आई-बाबांना व्हीलचेअर घेतली असेल तर एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. व्हीलचेअरवाला माणूस त्यांना मदतकक्षात नेऊन बसवतो, तिथे पंधरा-वीस जण एका ओळीत बसलेले असतात, आणि गेट उघडेपर्यंत तिथेच बसावं लागतं. लाउंजचा पास खिशात असून चार-चार तास तिथे बसून राहिलेली माणसं मी बघितली आहेत, कारण त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून द्या, लाउंजचं नाव, इथे न्या, आणि पुढच्या फ्लाइटचा नंबर आणि वेळ. तो कागद पासपोर्टच्या कव्हरमध्ये सगळ्यात वर ठेवायचा आणि विमानाच्या दारातच दाखवायचा. लाउंजच्या काउंटरवर पुन्हा सांगायचं की गेटला न्यायला व्हीलचेअर हवी, किती वाजता येणार ते त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्यायचं.

मोठ्या लाउंजमध्ये फ्लाइटची घोषणा होत नाही, हे धरूनच चाला. झोपायच्या आधी अलार्म लावायचा आणि तो तिथल्या वेळेनुसार आहे ना ते बघायचं. बाबांचं मनगटी घड्याळ भारतीय वेळ दाखवत असतं, दोहा आणि इस्तंबूल अडीच तास मागे, दुबई-अबुधाबी दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर त्याची वेळ निघायच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या, लाउंजच्या वेळेप्रमाणे मनानं ठरवू नका. चार्जरचं पण बघा, आखाती देशांत चौकोनी पिनांचं ब्रिटिश सॉकेट, तुर्की आणि जर्मनीत दोन गोल पिना, एक युनिव्हर्सल अडॅप्टर हातातल्या बॅगेत हवाच. दुबई-अबुधाबीत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, मेसेज आणि व्हॉइस नोट जातात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे उगाच कोणी घाबरत नाही.

आणि खाताना जरा हात आखडता. समोर कितीही असलं तरी पुढे चौदा तास बसायचंय, हलकं खा, पाणी भरपूर प्या, तळलेलं आणि फसफसणारं टाळा.

दारात जागा नाही म्हणून अडवलं तर वाद घालू नका, नाव लिहून घ्यायला सांगा आणि किती वेळानं येऊ ते विचारा. पहाटेची विमानं सुटायला लागली की तासाभरात गर्दी ओसरते. तोपर्यंत दुसऱ्या लाउंजचं नाव आणि गेट नंबर आधीच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असावा, तिकडे जा. तोही भरला असेल तर शॉवरचे वेगळे पैसे भरून अंघोळ उरका, क्वाएट रूम गाठा, बॅगेचा पट्टा हाताभोवती गुंडाळा, अलार्म लावा आणि पाठ टेकून घ्या.